मदत हवी आहे: कुत्रा 'मुद्दाम' करतो की एकटा राहायला घाबरतो?

आमचा इंडी (देशी कुत्रा), दोन वर्षांचा, नसबंदी झालेली, घरात कोणी नसलं की दाराजवळच शू करतो आणि चपला फाडतो. आम्ही असताना एकदाही नाही. आईचं म्हणणं, बघ कसा कान पाडून बसलाय, त्याला चूक कळते, राग काढतो आपल्यावर. मीही आधी ओरडायचे, उपयोग शून्य, उलट आता चावी वाजली तरी दबतो. नंतर वाचलं की कुत्र्यांच्या वागण्यावर संशोधन करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झच्या २००९ च्या प्रयोगात कुत्र्याने काही केलेलं नसतानाही मालक रागावला की तोच 'अपराधी' चेहरा दिसला, म्हणजे ती आपल्या आवाजाची भीती. मग जुना मोबाईल लावून रेकॉर्डिंग केलं तर आम्ही गेल्यावर पाचव्या मिनिटाला धापा, दार खरवडणं, ट्रीटला तोंडही नाही.

डॉक्टरांनी लघवी तपासली, नॉर्मल आहे. सकाळी पाऊण तास फिरवते. क्रेटमध्ये (कुत्र्याच्या पिंजऱ्यात) जास्तच पॅनिक होतो, त्यामुळे तो सल्ला नको प्लीज.

अर्ध्या-एक मिनिटापासून एकटं ठेवायची सवय लावायची हे कळलंय, पण आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावंच लागतं आणि आई तेव्हा नसते, तर त्या दिवसांचं काय करायचं? मधेच सहा तास एकटा राहिला तर केलेली प्रॅक्टिस वाया जाते का?