मदत हवी आहे: भ्रष्टाचारविरोधी धोरणाचा परिणाम मोजायचा कसा?

मंडळी, सचोटी धोरणांच्या मूल्यमापनाचा आराखडा करतेय आणि अडलेय. तक्रारी वाढल्या, तर भ्रष्टाचार वाढला म्हणायचं की लोकांचा विश्वास? ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेचा देशनिहाय भ्रष्टाचार निर्देशांक १९९५ पासून निघतो, पण तो तज्ज्ञ आणि उद्योजकांचं मत मोजतो. एका खात्यातला बदल त्यात दिसणारच नाही. त्यापेक्षा इंडोनेशियातला प्रयोग मला फार पटतो. अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी ६०० हून अधिक गावांतले रस्ते खणून साहित्य तपासलं. लेखापरीक्षण नक्की होणार असं आधीच सांगितलेल्या गावांत गहाळ खर्च (कागदावर दाखवलेला आणि रस्त्यात प्रत्यक्ष लागलेला खर्च यांतला फरक) सुमारे ८ टक्केबिंदूंनी कमी निघाला. पण परवाने, नेमणुका, हितसंबंधांची घोषणा, इथे खणायचं काय?

असं काम केलेल्यांनी कोणते निर्देशक वापरले? धोरणाआधीची आकडेवारीच नसेल, तर तुलना कशाशी केलीत?