कारखान्यातलं ज्ञान व्हॉट्सॲप ग्रुपात हरवतंय, काय वापरावं? (सल्ला हवा)

भट्टीकाठचा

मंडळी, नमस्कार. थोडं सविस्तर लिहितो, कारण नुसतं 'कोणतं ॲप चांगलं' एवढंच विचारायचं नाहीये.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघतो. ग्रीन सँडचं, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यांतलं ओतकाम, ट्रॅक्टरचे आणि पंपांचे पार्ट. तिन्ही शिफ्ट मिळून १४० माणसं. 'प्रॉडक्शन' नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात सुपरवायझर, मेंटेनन्स, सँड प्लांट, भट्टीवाले असे ३८ जण आहेत.

गेल्या वर्षी जूनमध्ये एका हाउसिंगला ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडणारी भोकं, यायला लागली. सेकंड शिफ्टच्या पोरानं रात्री साडेदहाला फोटो टाकला. सँड प्लांटचे आमचे मामा तेव्हा घरी होते. तिथूनच त्यांनी व्हॉइस मेसेज टाकला: "कोअर रात्रभर उघड्यावर ठिवलेत काय? पावसाळी हवा हाय, पाणी धरत्यात. परत ओव्हनमधनं काढा. आन् वाळूचं पाणी जरा कमी करा, मूठ बघून." (कोअर म्हणजे पार्ट आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा.) पाऊण मिनिटाचा मेसेज. दुसऱ्या दिवशी माल स्वच्छ.

यंदा जूनमध्ये तोच पार्ट आणि तोच दोष. सुपरवायझर नवा, मामा गावी लग्नाला. भट्टीचं टेंपरेचर, व्हेंट, ओतायचा वेग, सगळं बदलून पाहिलं. दोन दिवसांचा माल रिजेक्ट झाला. मामा परत आले आणि म्हणाले, "गेल्या साली सांगितलंतं की ग्रुपवर." सांगितलं होतं, हे खरं. पण व्हॉइस मेसेजमध्ये शब्द टाकून शोधता येत नाही, आणि नवा सुपरवायझर तेव्हा ग्रुपात नव्हताच. वर्षभराच्या सुविचारांखाली आणि वाढदिवसांखाली ते गाडलं गेलं होतं.

मामा दिवाळीनंतर निवृत्त होतायत. ३१ वर्षं वाळू हाताळलेला माणूस आहे. मला मनापासून वाटतं की ते जातील तेव्हा त्यांच्याबरोबर सगळंच जाऊ नये.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कोणतं साधन घ्यावं? आणि लोकांना लिहितं कसं करावं? मालकांचं म्हणणं, प्रत्येक टिपेला शंभर रुपये देऊ. मला ते पटत नाहीये, पण का ते नीट मांडता येत नाही.

कोथरूडकर

तुम्हाला विकी हवी आहे. विकिपीडिया नव्हे, तशी कुणालाही लिहिता-सुधारता येणारी पानं असलेली स्वतःची छोटी विकी. मूळ कल्पनाच तुमच्यासारख्या गरजेतून आली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ ला पहिली विकी सुरू केली, ती प्रोग्रॅमर लोकांनी आपापले अनुभव एकमेकांना सांगावेत म्हणून. नाव घेतलं होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट.

आज फुकट आणि मुक्त स्रोत असलेल्यांत दोन नावं सुचवतो. डोकुविकीला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान ही साधी टेक्स्ट फाइल असते. फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं की बॅकअप झाला. बुकस्टॅकमध्ये कपाट, पुस्तक, प्रकरण, पान अशी रचना असते, त्यामुळे संगणकाची सवय नसलेल्यालाही ती चटकन कळते. दोन्हींत मराठी व्यवस्थित चालतं. मी तुमच्या जागी असतो तर बुकस्टॅक घेतलं असतं.

एक मात्र पाळा. पानाचं नाव शास्त्रीय ठेवू नका. 'गॅस पोरॉसिटी : कारणे व उपाय' असं कुणी शोधत नाही. रात्री साडेदहाला घाबरलेला पोरगा जे टाइप करेल तेच नाव द्या.

भट्टीकाठचा

धन्यवाद दादा. अडचण अशी की आमच्याकडे टाइप करणारे मोजके. मामा तर फक्त बोलतात. मोल्डिंगवरची निम्मी मुलं ओडिशा-बिहारची, त्यांना मराठी समजतं पण वाचताना अडखळतात. त्यांना विकी उघडून द्यायची म्हणजे कुणी फिरकणार नाही, अशी भीती वाटते.

उसाचा_गाडा

भीती बरोबर आहे. मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आणि आमचं दुखणं तुमच्यापेक्षा जुनं आहे. हंगाम संपला की हंगामी माणसं घरी जातात. पुढच्या गाळपाला त्यातली काही येतात, काही येत नाहीत. मिलच्या बेअरिंगचा आवाज कसा ओळखायचा हे ज्याला ठाऊक, तोच नेमका येत नाही.

आम्ही आधी सगळ्यांना 'इथे लिहा' म्हणून एक पोर्टल दिलं. चार महिन्यांत सात नोंदी, त्यातल्या पाच माझ्याच. मग उलटं केलं. लोकांनी विचारायचं आणि सांगायचं ते व्हॉट्सॲपवरच, जसं ते आजही करतात. पण दर आठवड्याला एक जण 'चिटणीस'. त्यानं शनिवारी बसून आठवड्याचा ग्रुप वर सरकवत जायचं, कामाचं उत्तर दिसलं की विकीत न्यायचं. चारच ओळी: काय झालं, काय दिसलं, काय केलं, कोणी सांगितलं. व्हॉइस मेसेज असेल तर ऐकून लिहायचा आणि मूळ आवाजाची फाइलही त्याच पानाला जोडायची. लिहिलेलं सापडतं, आवाजातनं कळतं. वाचता न येणाऱ्या पोरालाही आवाज चालतो. हिंदी समजणाऱ्यांसाठी तेच कुणाकडून तरी हिंदीत बोलून घ्या.

ही जबाबदारी फिरती ठेवा, हे मी ठासून सांगेन. तीन-चार आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की जो चिटणीस होतो, तोच सगळ्यात जास्त शिकतो.

ग्रुपही वेगळे करा. व्हॉट्सॲपमध्ये २०२२ पासून कम्युनिटी आहे, एका छपराखाली वेगवेगळे ग्रुप ठेवता येतात. आमचे तीन आहेत: बिघाड, सूचना, आणि गप्पा. गप्पांचा ग्रुप बंद करू नका, नाहीतर सुविचार बिघाडात येतात.

आणि क्यूआर कोड. ही चीज १९९४ ला जपानच्या डेन्सो वेव्हनं बनवली, तीही गाड्यांच्या पार्टची नोंद ठेवायला, म्हणजे आपल्याच धंद्यातली आहे. प्रत्येक मशिनवर त्या मशिनच्या पानाचा कोड चिकटवा. मोबाइल धरला की पान उघडतं. धुळीत टिकावा म्हणून आम्ही लॅमिनेट करून वर ॲक्रिलिक लावलं.

निळी_शाई

शंभर रुपयांचं कृपया करू नका. कारण सांगते.

झेरॉक्स कंपनीत हा प्रश्न फार आधी येऊन गेला. ज्युलियन ऑर नावाचे मानवशास्त्रज्ञ तिथल्या मशिन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून निरीक्षण करत होते. त्यांना दिसलं की छापील मॅन्युअलमध्ये नसलेलं बरंच काही ही मंडळी एकत्र नाश्ता करताना, जेवताना किस्से सांगून एकमेकांना देतात. एखादं हट्टी मशिन आणि ते कसं वळणावर आणलं, याची गोष्ट. पुढे १९९० च्या दशकात झेरॉक्सनं अशा युक्त्या साठवायला 'युरेका' नावाची व्यवस्था उभी केली. युक्ती तंत्रज्ञानंच पाठवायची, तपासायची दुसऱ्या तंत्रज्ञांनी, आणि टिकली तर पाठवणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना दिसायची.

पैसे द्यावेत का, हा विषय तिथंही निघाला होता. तंत्रज्ञांनीच नको म्हटलं. पैसे आले की माणूस आकडा मोजायला लागतो, दर्जा बाजूला पडतो. त्यांना नाव हवं होतं, आणि आपल्या बरोबरीच्या माणसानं तपासून 'हे खरं आहे' म्हणणं हवं होतं.

तेव्हा मालकांना सांगा, ते पैसे मामांच्या पानांच्या छपाईला आणि क्यूआरला वापरा. आणि प्रत्येक पानावर 'सांगणारे' आणि 'पडताळणारे' अशी दोन नावं ठेवा.

वॉर्ड_नंबर_सात

मी नाशिकला रुग्णालयात परिचारिका आहे. उसाच्या दादांनी सांगितलं ते सगळं योग्य, त्यात एक भर. ग्रुपवर काय टाकायचं नाही हे पहिल्याच दिवशी लिहून लावा.

मी पूर्वी जिथे होते तिथे वॉर्डच्या ग्रुपवर सोयीसाठी रिपोर्टचे फोटो जायचे, पेशंटच्या नावासकट. नोकरी सोडून गेलेल्यांच्या मोबाइलमध्ये ते तसेच राहिले. ते फोटो ज्यांचे, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी हे चुकीचंच होतं.

तुमच्याकडे पेशंट नाहीत, पण गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आहेत. ती ग्रुपवर जाऊ नयेत. दोषाच्या फोटोत मागे ड्रॉइंग नाही ना, हे बघायची सवय लावा. ग्रुपचा ॲडमिन कुणाच्या खासगी नंबरवर नको, कंपनीच्या सिमवर ठेवा. माणूस सोडून गेला की त्याच दिवशी ग्रुपातून काढा.

कोथरूडकर

ताईंचं बरोबर आहे. त्याला जोडून माझंही एक. साधन कंपनीचं असतं आणि ते कधीही बदलतं. मेटानं ऑफिससाठी काढलेलं वर्कप्लेस २०१६ ला आलं, आणि २०२४ ला ते बंद करणार असल्याचं जाहीर झालं. स्लॅक या ऑफिसच्या चॅट ॲपच्या फुकट योजनेत मागचे ९० दिवसच दिसतात, आणि २०२४ पासून वर्षापेक्षा जुने मेसेज पुसले जातात. हे सगळं त्यांनी जाहीर करून केलं, पण ज्यांनी तिथेच सगळं साठवलं त्यांची धावपळ झालीच. बोलायला काहीही वापरा. जपायची गोष्ट मात्र उचलून दुसरीकडे नेता येईल अशा रूपात ठेवा.

ओसाकाहून

मी जपानात असतो, म्हणून इथली एक गोष्ट. मात्सुशिता (आताची पॅनासॉनिक) कंपनी १९८५ च्या सुमारास घरगुती पाव बनवायचं यंत्र करत होती. पाव बाहेरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. कणीक मळण्याचे एक्सरे काढून तुलना केली तरी उलगडेना. शेवटी इकुको तानाका नावाच्या अभियंता बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला राहिल्या. त्यांना दिसलं की तो कणीक ओढताना विशिष्ट पद्धतीनं पीळ देतो. तो पीळ साधायला यंत्राच्या आत खास उंचवटे बसवले आणि पाव जमला. व्यवस्थापनाचे अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी हे उदाहरण जगभर नेलं.

तुम्ही लिहिलंत की मामा म्हणाले 'मूठ बघून'. ही मूठ कुठल्याच ॲपमध्ये मावणार नाही. मीटरवर ओलावा साडेतीन टक्के दिसेल, पण बेंटोनाइट, म्हणजे वाळू बांधून ठेवणारी चिकणमाती, मेलेलं असेल तर तोच आकडा फसवेल. दिवाळीपर्यंतचे महिने एक हुशार पोरगा पूर्णवेळ मामांच्या शेजारी उभा करा. त्याला दुसरं काम देऊ नका. विकीतलं पान त्याच्या हातून लिहून घ्या, मामांच्या तोंडून नव्हे. न लिहिता येण्यासारखं किती आहे, ते त्यालाच आधी कळेल.

भट्टीकाठचा

सहा आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

मालकांना झेरॉक्सची गोष्ट सांगितली. शंभर रुपयांचं बारगळलं, आणि त्या पैशातून शॉपफ्लोअरवर एक टॅब आला. ग्रुप तीन केले. चिटणीसपद दर आठवड्याला फिरतंय. बुकस्टॅकमध्ये आजवर १९ पानं झाली. त्यातली चार मेंटेनन्सची आहेत, ती मी सांगितलीसुद्धा नव्हती.

मामांच्या जोडीला सँड प्लांटचा एक मुलगा दिलाय, मूळचा ओडिशाचा, दहावी शिकलेला. पहिल्या दिवशी मामांनी त्याच्या हातात वाळू दिली आणि म्हणाले, "आवळ." मग, "सोड. बोटांचं वळ दिसत्यात? आता मधनं मोड. कड धारदार ऱ्हायली पायजे, ढासळली की पाणी कमी. आन् हाताला चिकटली की जास्त." त्यानं ते हिंदीत रेकॉर्ड केलं, मी मराठीत लिहिलं, आणि मिक्सरवर कोड लावला. ओसाकाच्या दादांनी म्हटलं तसं, मुठीचं पान लिहून झाल्यावर तोच म्हणाला, "सर, इसमें आधा ही आया." आता तो रोज मीटर घ्यायच्या आधी मुठीनं अंदाज सांगतो आणि दोन्ही वहीत टिपतो. मामा शेजारी उभे राहून बघतात, मध्ये बोलत नाहीत.

एका पानाच्या नावावरून आमच्यात चर्चा झाली. वारंवार तापून बेंटोनाइटची ताकद गेली की मामा 'वाळू मेली' म्हणतात. मी शीर्षकात 'ॲक्टिव्ह क्ले कमी' लिहिलं होतं. कोथरूडकरांचा सल्ला आठवला आणि ते खोडलं. आता पानाचं नाव 'वाळू मेली' आहे, खाली सांगणारे म्हणून मामांचं नाव, आणि पडताळणारा म्हणून त्या मुलाचं.