मदत हवी आहे: मेंदूतलं पाणी काढताना सोडियम घसरतंय

बाबांना हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी साचणं) आहे. ईव्हीडीच्या (ते पाणी बाहेर काढणाऱ्या तात्पुरत्या) नळीतून रोज साधारण 250 मिली पाणी निघतं. नऊ दिवसांत रक्तातलं सोडियम 138 वरून 126 वर आलं. काल चमचा हातात धरून बसले, त्याचं काय करायचं तेच सुचेना. माझा जीव थाऱ्यावर नाही.

सलाइन, मिठाच्या गोळ्या चालू आहेत. लघवी वाढवणारं औषध नाही, थायरॉईड ठीक. जंतुसंसर्गामुळे शंट (पाणी शरीरातच दुसरीकडे वळवणारी कायमची नळी) इतक्यात नाही.

नळीतून निघणाऱ्या पाण्यातून रोज 35 मिलिमोलच्या आसपास सोडियम जातं. पण लघवीही तीन लिटर होतेय. एसआयएडीएच (शरीर जास्तीचं पाणी धरून ठेवतं) असेल तर शरीरात जाणारं पाणी कमी करतात, सेरेब्रल सॉल्ट वेस्टिंगमध्ये (मेंदूच्या आजारामुळे लघवीतून मीठ निघून जातं) उलट पाणी आणि मीठ दोन्ही भरून काढतात. चुकलं तर त्रास वाढेल. उद्या राउंडला डॉक्टरांशी बोलायचंय. यातलं नेमकं काय आहे हे ओळखायला कोणत्या तपासण्यांबद्दल विचारू?