रीसेल फ्लॅट : टोकन आज टाकू की थांबू? ऑफर कशी द्यावी?

पहिलाच_फ्लॅट
कोथरूडला १९९८ सालच्या सोसायटीत टू बीएचके पाहिला. मालक ९५ लाख म्हणतात, आमची धाव ९० पर्यंत. एजंट म्हणतो, दुसरी पार्टी तयार आहे, आजच १ लाख टोकन टाका. मालकांचं २२ लाखांच्या आसपास गृहकर्ज बाकी आहे. फ्लॅट मालक आणि त्यांच्या आईच्या नावावर होता, आई आता हयात नाहीत. १० लाख रोखीत द्या असंही सुचवलंय. ऑफर किती द्यावी आणि टोकनच्या आधी काय बघावं?

चौरसफूट
९५ हा आकडा कशावर बेतलाय ते आधी काढा. एजंट सेलेबलवर (जिना-लॉबीचा हिस्सा धरून) दर सांगतो, करारनाम्यात बिल्टअप (भिंतींसह) असतो आणि तुम्ही राहणार कार्पेटमध्ये (भिंतींच्या आतली जागा). नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून त्याच इमारतीतल्या, नाही मिळाल्या तर शेजारच्या इमारतींतल्या, गेल्या वर्ष-दीड वर्षातल्या विक्रीच्या सूची क्र. २ (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) काढा. त्यात मोबदला आणि क्षेत्रफळ दोन्ही असतं. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा आणि ते कार्पेट आहे की बिल्टअप हे नीट वाचा. इथेच लोकांचा हिशेब चुकतो. त्या दरावर तुमचा आकडा बांधा. मालकापुढे तीन सूची ठेवून "तुमच्याच बिल्डिंगमध्ये हा दर झालाय" म्हणणं आणि "जरा कमी करा ना" म्हणणं यात फार फरक आहे.

पार्किंग किमतीत धरलं असेल तर ते करारनाम्यात आहे की सोसायटीच्या वाटपपत्रात, ते बघा. नुसतं "इथे आम्हीच गाडी लावतो" चालणार नाही. इमारत जुनी असल्यामुळे किमतीत रीडेव्हलपमेंटची आशाही मिसळलेली असते. सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स (बिल्डर किंवा जमीनमालकाकडून जमीन-इमारतीची मालकी हस्तांतरित होणं) झालंय का विचारा. झालं नसेल तर त्या आशेचे पैसे देऊ नका.

८६ पासून सुरुवात करा, पण आकड्यासोबत तारखाही द्या : कर्जाची पूर्वमंजुरी हातात, साठेखत (विक्री ठरल्याचा करार) ३० दिवसांत, ऑफर रविवारपर्यंत खुली. मालकाला घाई असेल तर नक्की तारीख एक-दोन लाखांना भारी पडते.

इसारपावती
किंमत नंतर. आईंच्या हिश्श्याचं काय झालं ते आधी विचारा. शेअर सर्टिफिकेटवर आता एकट्या मालकाचं नाव दिसत असेल, पण नॉमिनेशनने नाव लागलं म्हणजे मालकी आली असं होत नाही. मृत्युपत्र नसेल तर आईंचे सगळे वारस, म्हणजे वडील हयात असतील तर ते आणि सगळी भावंडं, लग्न झालेल्या बहिणींसह, हक्कदार आहेत. एक तर सगळ्यांनी मालकाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) करावं, नाहीतर सगळ्यांनी तुमच्या दस्तावर विक्रेते म्हणून सही करावी. नोटरी केलेलं "ना हरकत" पुरत नाही. एखादी बहीण परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र (तिच्या वतीने इथे सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला आणि इथे मुद्रांकित व्हायला (त्यावर मुद्रांक शुल्क भरायला) वेळ लागतो. तो ३० दिवसांत बसतो का बघा.

टोकन ५१ हजारांच्या वर नको आणि तेही चेकनेच. पावतीत फ्लॅटचा पूर्ण तपशील, ठरलेली किंमत, साठेखताची तारीख हवी. आणि हे वाक्य हवंच : "शीर्षक (मालकी हक्क) निर्वेध न निघाल्यास, किंवा मालमत्तेच्या कागदपत्रांतील उणिवेमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास, इसाराची (टोकनची) पूर्ण रक्कम ७ दिवसांत परत." सही मालकाची घ्या, एजंटची नाही. टोकन एजंटच्या खात्यावर तर नकोच. त्यानंतर वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (जुन्या नोंदणी दस्तांची तपासणी) आणि वर्तमानपत्रात १४ दिवसांची जाहीर नोटीस. वारसांचा प्रश्न असलेल्या घरात नोटिशीचा खर्च वाचवू नये.

हप्तेवाला
पैशांचा हिशेब ९० लाखांवर मांडतो.

कर्ज : ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला किमतीच्या ७५ टक्क्यांची मर्यादा, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८०. तुम्ही ६७.५ घेणार असं धरू, म्हणजे स्वतःचे २२.५. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. या दोन्हीला बँक कर्ज देत नाही. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, ९० हजार वाचतात; नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य जास्त निघालं तर शुल्क त्यावर.

किंमत ५० लाख किंवा जास्त म्हणून १ टक्का टीडीएस (मालकाच्या वतीने आधीच कापायचा आयकर) तुम्ही कापून भरायचा : ९० हजार, मालकाच्या रकमेतून. मालकाचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते आधीच तपासा, नाहीतर दर २० टक्के होतो आणि ऐनवेळी भांडण लागतं. मालक अनिवासी असेल तर हे सगळं बदलतं, सीए गाठा.

आता मालकाचं कर्ज. त्यांच्या बँकेचं फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र) आणि तिथे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी टोकननंतर लगेच मागा. साठेखत नोंदवल्यावर तुमचा हिस्सा थेट त्यांच्या कर्जखात्यात भरायचा, मालकाच्या बचत खात्यात नाही. २२.५ मधून टोकन एजंट म्हणतो तसं १ लाख धरलं आणि टीडीएस ९० हजार गेला की उरतात २०.६. म्हणजे कर्ज फेडायला १.४ लाख कमी; ते मालकाने घालायचे, हे पावतीतच लिहा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० भरपाई. कागद आले की तुमची बँक उरलेली रक्कम सोडते.

१० लाख रोख : नको. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे मालकाला शांतपणे सांगा. तुमचा तोटा वेगळा. कर्ज करारातल्या किमतीवर मिळतं, म्हणून ८० वर कर्ज घसरून ६० होईल, आणि पुढे विकताना खरेदी किंमत ८० च धरली जाईल.

पहिलाच_फ्लॅट
धन्यवाद. टोकन थांबवलं. मालकांच्या दोन बहिणी आहेत, एक दुबईत. आणि सोसायटी ट्रान्सफरचे १ लाख मागते, एनओसीशिवाय (ना हरकत पत्राशिवाय) विकता येत नाही म्हणते.

इसारपावती
महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची (सोसायटी ट्रान्सफरसाठी घेते त्या रकमेची) कमाल मर्यादा २५,००० आहे, २००१ च्या शासन परिपत्रकाने. सोबत ट्रान्सफर फी ५०० आणि प्रवेश फी १००. "स्वेच्छा देणगी" नावाने जास्त मागतात, तीही नाही म्हणता येते. उपविधीनुसार विक्रीला एनओसी बंधनकारक नाही, पण तुमची बँक मागणार. म्हणून थकबाकी नसल्याचं पत्र आणि एनओसी दोन्ही मालकाने साठेखताआधी आणून द्यायचं, खर्च त्याचा किंवा निम्मा, असं पावतीत घाला.

दुबईच्या बहिणीचं कुलमुखत्यारपत्र भारतात आल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांकित व्हायला हवं. साठेखताची मुदत ६० दिवस मागा.

चौरसफूट
६० दिवस मागताय तर ८६ वर अडून बसू नका, ८८ ला मिटतंय का बघा. "दुसरी पार्टी" खरी असेल तर तिलाही याच दोन बहिणींच्या सह्या लागणार आहेत.