जुना लॅब पॉवर सप्लाय घेताना काय तपासावे?

प्रश्न : घरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कामासाठी ० ते ३० व्होल्ट, ३ अँपिअरचा जुना लिनिअर पॉवर सप्लाय मिळतो आहे. विक्रेता तो चालू करून दाखवणार आहे. त्या थोड्या वेळात मी नेमके काय पाहावे?

पहिले उत्तर : स्वतःचा मल्टिमीटर न्या. नॉब सावकाश फिरवताना आकडा मध्येच उडी मारत असेल, तर पोटेन्शिओमीटर (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) झिजलेला असू शकतो आणि तो सहज बदलता येतो. परंतु नॉब शून्यावर असूनही आउटपुटला पूर्ण व्होल्टेज येत असेल, तर पास ट्रान्झिस्टर (आउटपुटचे व्होल्टेज नियंत्रित करणारा मुख्य ट्रान्झिस्टर) शॉर्ट झाल्याची शक्यता मोठी असते आणि असा सप्लाय जोडलेले सर्किट क्षणात जाळू शकतो. नंतर करंट मर्यादा १ अँपिअरवर ठेवून आउटपुट शॉर्ट करा, म्हणजे त्याची दोन्ही टोके वायरने थेट जोडा. करंट तिथेच स्थिर राहिला पाहिजे.

दुसरे उत्तर : लोडविना ही तपासणी अपुरी आहे. करंट मर्यादा १ अँपिअरच्या वर नेऊन १० ओहम, २५ वॉटचा रेझिस्टर १० व्होल्टला जोडून व्होल्टेज खाली येते का, हे पाहा. मागे सेन्स टर्मिनल (आउटपुटचे व्होल्टेज सप्लायला कळवणारी टोके) असतील, तर त्यांना आउटपुटशी जोडणाऱ्या पट्ट्या आधी तपासा, कारण त्या नसल्या की उत्तम सप्लायही बिघडल्यासारखा वागतो.

प्रश्नकर्ता : सेन्सच्या पट्ट्यांची मला कल्पनाच नव्हती. रेझिस्टर सोबत नेतो.