पुण्यात भाड्याचा करार, नोटरी चालते का?

वारजेकर:
वारज्यात वन बीएचके बघितलाय, भाडं १८ हजार, डिपॉझिट ५० हजार. मालक म्हणतात रजिस्ट्रेशनची कटकट नको, नोटरी करून टाकू ११ महिन्यांची, सगळे असंच करतात. खरंच चालतं का असं? आणि पुढे डिपॉझिट अडकवलं तर काय करायचं?

सातारकर_काका:
नाही चालत. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, करार लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, मग ११ महिने असो की ५ वर्षं. आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोटरीत खरा धोका त्यांनाच आहे, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा.

घरमालकीण_औंध:
मी स्वतः मालकीण आहे आणि मी कायम रजिस्टरच करते, कारण मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही तर कलम २४ खाली दुप्पट भाडं मागता येतं, ते नोटरीवर कसं मागणार? आता सगळं ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा, एजंट घरी मशीन घेऊन येतो. शहरात रजिस्ट्रेशन फी १००० आणि स्टँप ड्युटी पाव टक्का, दोघांत वाटून घ्या की.

सातारकर_काका:
डिपॉझिट चेकने किंवा ऑनलाइनच द्या, कॅश अजिबात नको. घर सोडून चावी परत दिल्यावर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि त्यातून रंगाचे पैसे कापणार का ते करारातच लिहून घ्या, आणि राहायला जायच्या दिवशीच भिंती, नळ, गिझर सगळ्याचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲप करा.