रिचर्ड योंगजे ओ'नील: एकलवादनाचं शिखर सोडून क्वार्टेटमध्ये बसणं ही उतरण का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

व्हायोला (व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य) वाजवणारा कोरियन-अमेरिकन रिचर्ड योंगजे ओ'नील २०२० मध्ये टाकाच क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या मंडळीत गेला आणि अमेरिकेत बोल्डरला, कोलोरॅडो विद्यापीठात शिकवू लागला. सोलमध्ये ज्याच्या नावावर सभागृहं भरायची तो माणूस आता चौघांतला एक झाला, ही सरळसरळ उतरण, असं माझ्या एका मित्राचं म्हणणं. यावरून आमचं कडाक्याचं वाजलं. मला ते मुळीच पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: जन्म १९७८चा, वॉशिंग्टन राज्यातल्या सेक्विम या लहानशा गावचा. आई कोरियन युद्धात अनाथ झालेली, अमेरिकन जोडप्यानं दत्तक घेतलेली, बौद्धिक अपंगत्व असलेली. नातवाला वाढवलं ते आजी-आजोबांनी. आजी स्वतः गाडी चालवत त्याला लांबवर शिकवणीला घेऊन जायची. पुढे न्यूयॉर्कची जुलियार्ड संगीतशाळा, आणि तिथला आर्टिस्ट डिप्लोमा मिळवणारा तो पहिला व्हायोलावादक. २००४ मध्ये कोरियन टीव्हीवर ही कहाणी दाखवली गेली आणि तो तिथे घराघरांत पोचला. २००६ मध्ये एव्हरी फिशर करिअर ग्रँट हा अमेरिकेतला वादकांसाठीचा मानाचा पुरस्कार.

माझं म्हणणं एवढंच की व्हायोला समजायचा तर तो मध्ये बसूनच समजतो. हंगेरियन संगीतकार बार्टोकचं १९३९चं सहावं क्वार्टेट लावा (चौघांसाठी लिहिलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात). सुरुवातीला तिघं गप्प असतात. एकटा व्हायोला एक उदास सुरावट म्हणतो. मग तीच सुरावट पुढच्या प्रत्येक भागाच्या दाराशी येऊन उभी राहते आणि शेवटचा भाग तर सगळा तिचाच होऊन जातो. असं काही वाजवायला मिळत असेल, तेही १९७५ मध्ये बुडापेस्टला सुरू झालेल्या आणि बार्टोक अंगात मुरलेल्या क्वार्टेटबरोबर, तर त्याला उतरण कसं म्हणायचं?

धोबीतलाव

धागाकर्ते, मधल्या सुराचं कौतुक ज्याला आधीच नाव मिळालंय त्याच्या बाबतीत शोभतं. माझे आजोबा म्हापशाहून मुंबईला आले आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोला वाजवत. तबकडीच्या वेष्टनावर त्यांचं नाव कधी आलं नाही. घरी आलेला पाहुणा पेटीकडे बघून विचारायचा, "व्हायोलिन का?" सुरुवातीला ते समजावून सांगायचे. मग नुसतं "हो" म्हणायला लागले.

म्हणून माझ्या लेखी ओ'नीलचं खरं काम म्हणजे डिट्टो. २००७ पासून २०१९ पर्यंत त्यानं ही तरुण वादकांची मंडळी चालवली. चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं शास्त्रीय संगीत, हे पिकल्या केसांचं, हा समज मोडून विशी-पंचविशीतली पोरं तिकीट काढून आणली, आणि फलकावर सगळ्यात पुढे कोण, तर व्हायोलावाला! जगात असं कितीदा झालंय? ते काम थांबलं याची मला मनापासून हळहळ वाटते.

सरळरेघ

डिट्टोबद्दल असहमत. पॉप गायकांसारखे फोटो आणि पॉप गायकांसारख्या किंकाळ्या. त्या गर्दीतले किती जण नंतर रशियन संगीतकार शोस्ताकोविचचा व्हायोला सोनाटा ऐकायला बसले? आणि आईची कहाणी इतक्या वेळा सांगितली गेली की वादनाबद्दल कुणी बोलेनासं झालं. क्वार्टेटमध्ये गेल्यावर निदान लोक वादनाबद्दल बोलतात.

धोबीतलाव

किंकाळ्या मारत आलेला श्रोता हा श्रोताच. शंभरातले पाच टिकले तरी मला पुरे. आजोबांच्या वाट्याला पाचही आले नाहीत.

उघडी_तार

मी गेली वीस वर्षं व्हायोलिन शिकवते, आणि मला या चर्चेत शिक्षक कुठेच दिसत नाही याचं वाईट वाटतंय.

व्हायोला व्हायोलिनपेक्षा पंचमाच्या अंतरानं खाली लागतो. त्या हिशेबानं त्याची पेटी (वाद्याचं पोकळ लाकडी अंग) लांबीला व्हायोलिनच्या दीडपट, म्हणजे ५३ सेंटिमीटरच्या आसपास हवी. पण तेवढं वाद्य हनुवटीखाली धरणार कोण? म्हणून ती ४१च्या आगेमागे ठेवतात. सूर खालचा आणि पेटी अपुरी. त्यामुळे तो आवाज वाद्यात तयार मिळत नाही, वाजवणाऱ्याला शोधून काढावा लागतो. व्हायोलिनवर हात बसलेलं मूल व्हायोला घेतं तेव्हा गज पळवतं आणि सगळ्यात जाड तार नुसती खरखरते. मी त्याचं मनगट धरते आणि म्हणते, थांब, तारेला बोलायला वेळ दे. गज हळू, हाताचं वजन खाली, आणि मग एकदम तो आवाज येतो. मुलाचा चेहरा बदलतो. हे पुस्तक वाचून येत नाही. ज्याच्या हातात तो आवाज आहे त्यानं शेजारी उभं राहून द्यावा लागतो.

दक्षिण कोरियातल्या आन्सानचा वाद्यवृंद कुणाला आठवत नाही का? परदेशातून आलेल्या कामगारांचं शहर. तिथल्या मिश्र कुटुंबांतली २४ मुलं, बरीचशी वाद्याला पहिल्यांदाच हात लावणारी, आणि त्यांना घेऊन ओ'नीलनं वाद्यवृंद उभा केला. त्यावरच्या माहितीपटाला २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला.

सरळरेघ

पण ताई, तेही कॅमेऱ्यासमोरच ना?

उघडी_तार

कॅमेरा होता. पण चेहऱ्यामुळे शाळेत वेगळं पडणं म्हणजे काय, हे सेक्विममध्ये वाढलेल्या त्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं. त्या मुलांना असा शिक्षक मिळाला, हे मला पुरस्कारापेक्षा मोलाचं वाटतं.

आणि दोघांनाही एक सांगते. २०२१चं ग्रॅमी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा मोठा अमेरिकन पुरस्कार, त्याला एकलवादनासाठीच मिळालं, संगीतकार थिओफानिडिसच्या व्हायोला कंचेर्तोसाठी (एकलवादक आणि वाद्यवृंद यांची रचना), ऑल्बनी सिम्फनी या वाद्यवृंदाबरोबर. तेव्हा तो टाकाचमध्ये होता आणि शिकवतही होता. त्यानं सोडलं काय, हेच मला कळत नाही.

मंद्रसप्तक

मान्य. शीर्षकातलं 'सोडून' चुकलंच माझं. पण धोबीतलाव, आजोबांबद्दल वाचून गलबलून आलं. तरीही म्हणतो, रेकॉर्डिंगमधून त्यांचा सूर काढला असता तर गाणं पोकळ वाजलं असतं.

धोबीतलाव

वाजलं असतं. पण ते त्यांना त्यांच्या हयातीत कुणीतरी सांगायला हवं होतं. माझं मत तेच आहे: आधी व्हायोलाला नाव मिळू दे, मग मध्ये बसण्यातला आनंद बोलू.

रात्री ते बार्टोक ऐकलं. सुरुवातीचं दोनदा. आजोबांचा व्हायोला माळ्यावर आहे, बत्तीस वर्षं पेटी उघडलेली नाही. तारा गंजल्या असतील. बदलू का?

उघडी_तार

बदला, पण चारही एकदम काढू नका. आत एक छोटी लाकडी दांडी नुसत्या दाबावर उभी असते, ताण गेला की ती पडते. एक तार काढायची, नवी चढवायची, मग दुसरी. घोडी (तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी) पुढे झुकली आहे का तेही बघा. आणि हो, दुकानात व्हायोलाच्या तारा मागा, नाहीतर ते व्हायोलिनच्या देतील.